परसैन्याची ओळख : बुद्धिबळ व कल्पित युद्धक्रीडा यांच्या नियमग्रंथांचा विचार

१

परभणी जिल्ह्यातील सेलू हे दुधना नदीच्या परिसरातील बाजारपेठेचे गाव सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होते. घरी मराठी आणि सरकारदरबारी उर्दू अशी जी भाषिक स्थिती सर्व मराठवाड्यात होती, तीच तेथेही होती. या स्थितीचा एक लहानसा परिणाम बुद्धिबळाच्या पटाकडे पाहिले असता ध्यानात येतो. मराठीत पटाच्या कोपऱ्यात उभा असतो तो हत्ती, आणि तो सरळ चालतो. त्याच्या शेजारी घोडा. घोड्याच्या पलीकडे, राजा व वजीर यांच्या लगत, उंट. उंटाची चाल तिरपी. उर्दूत मात्र कोपऱ्यातील मोहऱ्याला रुख म्हणतात आणि मराठी माणसाच्या उंटाला फील म्हणतात. फील म्हणजे हत्तीच. तेव्हा एकाच पटाशी समोरासमोर बसलेल्या दोघांपैकी एकाच्या भाषेत हत्ती सरळ जातो, तर दुसऱ्याच्या भाषेत तिरपा.

हा शब्दभेद किरकोळ वाटेल. परंतु परक्या सैन्याचे नियम शिकताना जी मूळ अडचण येते तिचे स्वरूप त्यात नेमके दिसते. संपूर्ण अज्ञान ही फारशी मोठी अडचण नसते. ज्याला काहीच ठाऊक नाही तो विचारतो, ऐकतो आणि शिकतो. ज्याला नाव ठाऊक आहे आणि म्हणून चालही ठाऊक आहे असे वाटते, तो विचारीत नाही. आणि त्याची चूक पटावर मोहरा गमावल्यावरच उघडकीस येते. खेळाचा नियम सांगणाऱ्या ग्रंथाची कसोटी या ठिकाणी लागते. वाचकाच्या मनात आधीच असलेल्या अर्धवट ओळखीचा तो उपयोग करून घेतो, की तिच्यात त्याला फसू देतो, या प्रश्नाच्या उत्तरावर त्या ग्रंथाचे मोल ठरते.

वाङ्मयसमीक्षेत अशा ग्रंथांना सहसा स्थान मिळत नाही. ते उपयुक्त पुस्तकांच्या फडताळात जातात आणि खेळ बदलला की रद्दीत. तथापि शास्त्रग्रंथाची रचना, त्याची परिभाषा, त्यातील सूत्र आणि उदाहरण यांचे नाते हा आपल्या परंपरेत गंभीर विचाराचा विषय मानला गेला आहे. क्रीडाशास्त्राचे ग्रंथ त्या विचारातून वगळण्याचे काही कारण दिसत नाही.

२

हत्तीचेच उदाहरण पुढे चालवता येईल. इसवी सन १०३० च्या सुमारास अल्‌बेरूनीने हिंदुस्थानाविषयी जो ग्रंथ लिहिला, त्यात त्याने चौघांनी फाशांच्या साहाय्याने खेळावयाच्या एका चतुरंगाचे वर्णन केले आहे. अल्‌बेरूनीला स्वतःच्या देशातील शतरंज ठाऊक होते. त्या खेळातील फील तिरप्या रेषेत मधले घर ओलांडून तिसऱ्या घरात उडी घेतो. हिंदुस्थानात त्याने पाहिलेला हत्ती निराळा होता : तो एक घर सरळ पुढे जाई किंवा चार कोपऱ्यांपैकी कोणत्याही कोपऱ्याकडे एक घर सरके. ही चाल सांगताना अल्‌बेरूनी हत्तीच्या देहाचा दाखला देतो. पुढची चाल म्हणजे सोंड आणि चार तिरप्या चाली म्हणजे चार पाय.

या एका उपमेचे महत्त्व मोठे आहे. पाच चालींची कोरडी यादी वाचकाने पाठ केली असती व विसरलीही असती. सोंड आणि चार पाय हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आले की चाल विसरणे अशक्य होते. शिवाय या उपमेने परक्या सैन्याचा नियम लहरी नाही, त्याला त्याचे स्वतःचे कारण आहे, हेही वाचकास पटते. आपल्या देशातील नियम हाच मूळ व इतरांचे ते अपभ्रंश, असा पवित्रा अल्‌बेरूनीने घेतलेला नाही. नियम शिकवणाऱ्या गद्याचा हा एक उत्तम नमुना होय. आणि तो एका परकीयाने लिहिलेला आहे, हे विशेष. आपल्या घरचा हत्ती ज्याच्या अंगवळणी पडला आहे त्याला त्याची चाल समजावून सांगण्याची गरज भासत नाही. ती गरज बाहेरून आलेल्यालाच भासते.

पुढील काळात या हत्तीने आणखी रूपे घेतली. बंगालमधील रघुनंदनाच्या ‘तिथितत्त्वा’त व्यास-युधिष्ठिर संवादाच्या रूपाने चौघांच्या चतुरंगाचे जे नियम आले आहेत, त्यांत हत्ती सरळ रेषेत चालतो आणि तिरपी उडी नौकेच्या वाट्याला येते. मराठी हत्तीची चाल याच सरळ जातीची. म्हणजे एका नावाखाली निदान तीन निरनिराळे मोहरे नांदले : सोंड-पायांचा हत्ती, उडी घेणारा फील आणि सरळ धावणारा कोपऱ्यातील गज. सैन्याची बाह्य ओळख आणि त्याचा नियम यांचे नाते किती सैल असते, हे यावरून स्पष्ट होते.

३

दक्षिणेत क्रीडेला शास्त्राचे स्थान देण्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथाचा (सुमारे ११२९ ते ११३१) पाचवा विंशती-विभाग क्रीडेलाच वाहिलेला आहे, आणि त्यात चतुरंगाचे निरूपण येते. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांनी हा ग्रंथ संपादित केल्यापासून मराठीचे अभ्यासक त्यातील जुन्या मराठी पंक्तींसाठी त्याच्याकडे वळत आले आहेत. त्यातील क्रीडाविभागही तितकाच लक्षणीय आहे. राज्य मिळवणे, ते स्थिर करणे, उपभोग, विनोद आणि शेवटी क्रीडा, असा या ग्रंथाचा क्रम आहे. खऱ्या सैन्याचा विचार आरंभी आणि लाकडी सैन्याचा शेवटी. परंतु दोहोंना एकाच ग्रंथाच्या कक्षेत स्थान आहे.

सतराव्या शतकातील नीलकंठ भट्टाचा ‘नीतिमयूख’ याहून अधिक बोलका आहे. नीलकंठ काशीचा, पण त्याचे घराणे मूळचे गोदातीरीच्या पैठणचे. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचे पौरोहित्य करणारे गागाभट्ट याच घराण्यातील. राजा भगवंतदेवाच्या आश्रयाने रचलेल्या ‘भगवंतभास्करा’च्या बारा मयूखांपैकी राजनीतीला वाहिलेल्या मयूखात नीलकंठाने बुद्धिबळाचे प्रकरण घातले आहे. एकोणिसाव्या शतकात आल्ब्रेख्त वेबर या जर्मन पंडिताने या प्रकरणाकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले.

नीलकंठाच्या प्रकरणातील सर्वांत परिचित भाग घोड्याच्या फेरीचा आहे. घोड्याची अडीच घरांची चाल सर्व मोहऱ्यांत अवघड. नवशिक्याला ती डोळ्यांनी ओळखता येत नाही, मोजावी लागते. पटावरील चौसष्ट घरांतून प्रत्येक घरात एकदाच जाणारी घोड्याची वाट नीलकंठाने श्लोकबद्ध करून दिली आहे. घरांना अक्षरे दिली की श्लोक म्हणत म्हणत घोडा पुढे नेता येतो. नवव्या शतकातील काश्मिरी आलंकारिक रुद्रट याने ‘काव्यालंकारा’त तुरग, रथ, गज यांच्या पदांनी वाचावयाचे चित्रबंध दिले होते. तेथे खेळाचा नियम काव्याच्या सेवेस लावला होता. येथे काव्य नियमाच्या सेवेस लागले. रुद्रटाचा श्लोक चमत्कारासाठी आहे व त्याचा अर्थ ओढून आणल्यासारखा वाटतो, असा आक्षेप चित्रकाव्यावर नेहमी घेतला जातो. नीलकंठाच्या बाबतीत तो आक्षेप लागू पडत नाही; कारण तेथे श्लोकाचे प्रयोजन स्मरण हे आहे आणि ते साधले जाते.

अल्‌बेरूनीची उपमा चाल समजावते. नीलकंठाचा श्लोक चाल अंगी मुरवतो. पहिल्याने ओळख होते, दुसऱ्याने सवय जडते. परसैन्य जाणण्यासाठी दोन्हींची आवश्यकता असते. आणि ज्या नियमग्रंथात यांपैकी एकच आढळते तो अपुरा मानावा लागतो.

४

तिसरे साधन म्हणजे स्थिती : प्रत्यक्ष पटावर मोहरे मांडून दाखवणे. याचे उदाहरण १८१४ मध्ये मुंबईत छापल्या गेलेल्या एका इंग्रजी पुस्तकात सापडते. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या ‘विलासमणिमंजरी’ या संस्कृत ग्रंथाचे ते भाषांतर होते. बुद्धिबळातील बिकट स्थिती मांडून त्यांची उकल सांगणे हा त्या ग्रंथाचा विषय. परंतु त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच असे सांगितले आहे की, हे निबंध युरोपीय खेळपद्धतीस अनुरूप करून घेतले आहेत.

अनुरूप करणे म्हणजे काय, हे देशी पद्धतीशी परिचित असलेल्यालाच कळेल. देशी बुद्धिबळात सामान्यतः प्यादे पहिल्या चालीलाही एकच घर पुढे सरके. शेवटच्या घरात पोचलेल्या प्याद्याला ज्या मोहऱ्याच्या उभ्या ओळीत ते पोचले त्या मोहऱ्याचा दर्जा मिळे. वाटेल तो मोहरा मागता येत नसे. राजाला किल्ला करता येत नसे. त्याऐवजी त्याला एकदा घोड्यासारखी उडी घेण्याची मुभा असे. प्रतिपक्षाचे सर्व सैन्य मारले गेले व एकटा राजा उरला तर बुर्जी होई. आणि प्याद्याने केलेली मात विशेष मानाची समजली जाई. गावोगाव या नियमांत थोडेफार अंतर पडे; पण साचा हाच.

या नियमांचा परिणाम केवळ तपशिलावर होत नाही. खेळाच्या प्रकृतीवरच होतो. एकेक घर सरकणारी प्यादी असली की सैन्ये संथपणे जमतात, पहिली झटापट उशिरा होते आणि राजाचे संरक्षण निराळ्या रीतीने करावे लागते. प्यादे कोणत्या ओळीतून पुढे गेले यावर त्याचे भवितव्य अवलंबून असल्यामुळे आठही प्याद्यांचे मोल सारखे राहत नाही. हत्तीच्या ओळीतील प्यादे आणि घोड्याच्या ओळीतील प्यादे या दोन निरनिराळ्या आकांक्षा ठरतात. अशा खेळासाठी सुचलेल्या स्थिती दुसऱ्या नियमांच्या चौकटीत बसवल्या की वाचकाच्या हाती कोडे पडते. ज्या खेळाने ते कोडे निर्माण केले तो खेळ त्याच्या दृष्टीआड राहतो. भाषांतरकाराचा हेतू वाचकास सोय व्हावी हाच असावा. परंतु परक्या सैन्याला आपल्या सैन्याचा गणवेश चढवून दाखवणे ही त्याची ओळख करून देण्याची रीत म्हणता येत नाही. या बाबतीत आठ शतकांपूर्वीचा अल्‌बेरूनी अधिक सचोटीचा ठरतो.

उलट दिशेने झालेला प्रवास अधिक फलदायी ठरला. १८५० च्या दशकात कलकत्त्यात जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूशी असंख्य डाव खेळणारे महेशचंद्र बॅनर्जी युरोपीय नियम शिकले. पण देशी खेळातील संथ मांडणी त्यांनी टाकली नाही. प्यादे एक घर पुढे टाकून उंटाला बाजूने वाट करून देण्याची त्यांची पद्धत पुढे ‘भारतीय बचाव’ या नावाने जगभरच्या बुद्धिबळात रूढ झाली. पंजाबचे मीर सुलतान खान देशी पद्धतीत वाढले. युरोपीय नियम आत्मसात करून त्यांनी १९२९, १९३२ व १९३३ या तीन वर्षी ब्रिटिश अजिंक्यपद मिळवले. त्यांच्या डावांचा आरंभ कच्चा आणि शेवट बिनतोड असे, असे समकालीन जाणकारांचे मत होते. आरंभाचे ज्ञान पुस्तकांतून मिळते व ते त्यांच्याजवळ नव्हते. शेवटच्या टप्प्यात मोहरे थोडे राहतात आणि दोन पद्धतींतील अंतरही कमी होते. महाराष्ट्रातही हे स्थित्यंतर घडले. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेत डी. वेंकय्या यांच्यासह संयुक्त विजेते ठरलेले रामचंद्र सप्रे हे त्या नव्या पर्वाचे पहिले मराठी नाव होय.

५

आतापर्यंत पाहिलेल्या खेळांत दोन्ही पक्षांची सैन्ये सारखीच असतात; परकेपणा असतो तो पद्धतीचा. हा समतोल मोडण्याचा प्रयत्न युरोपात अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. १७८० मध्ये ब्रन्सविक येथील हेल्विग याने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर पायदळ, घोडदळ व तोफखाना आणला. १८२४ मध्ये प्रशियन अधिकारी राइसविट्‌झ याने नकाशावर खेळावयाचा युद्धखेळ सैनिकी शिक्षणासाठी सिद्ध केला. १९१३ मध्ये एच. जी. वेल्स याने खेळण्यातील शिपायांच्या लढाईचे नियम पुस्तकरूपाने छापले. १९७१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या ‘चेनमेल’ या नियमपुस्तकाच्या पुरवणीत राक्षस, जादूगार व अजगर प्रथम सैन्यात भरती झाले. १९८३ मध्ये इंग्लंडातून निघालेल्या ‘वॉरहॅमर’ या खेळाने या कल्पनेला व्यापक रूप दिले.

या खेळात मेजावर रंगवलेल्या लहान मूर्तींची दोन सैन्ये मांडतात. प्रत्येक मूर्तीचे गुण आकड्यांत दिलेले असतात : चाल, शस्त्रकौशल्य, नेम, बळ, चिवटपणा, तत्परता, मनोधैर्य इत्यादी. फासे टाकून वार लागला की नाही ते ठरते. परंतु खेळाचे मर्म या सामान्य नियमांत नसून प्रत्येक सैन्याच्या स्वतंत्र पुस्तकात आहे. सामान्य नियम असा की, झुंजीत हरलेली तुकडी मनोधैर्याच्या परीक्षेत नापास झाली तर पळ काढते. मृतांच्या सैन्याला हा नियम लागू नाही. ते पळत नाही. झुंजीत हरले की जागच्या जागी ढासळते, आणि त्याला उठवणारा मांत्रिक सेनापती पडला तर सबंध सैन्याला घरघर लागते. ऑर्क नावाच्या रानटी सैन्यात प्रतिपक्षाने काहीही न करता आपसांत भांडणे जुंपू शकतात. फाशावर एकाचे दान पडले की तुकडी आज्ञा विसरते. अशा सैन्यापुढे नवखा खेळाडू आपल्या अनुभवाने अंदाज बांधतो आणि चुकतो. शत्रूला पळवून लावण्याची त्याची सारी योजना, न पळणाऱ्या सांगाड्यांपुढे निरर्थक ठरते.

संस्कृत शास्त्रपरंपरेत वाढलेल्या वाचकाला या रचनेची ओळख चटकन पटते. ही उत्सर्ग आणि अपवाद यांची व्यवस्था आहे. सामान्य नियम सर्वत्र लागू. विशेष नियम आपल्या क्षेत्रात त्याला बाधतो. पाणिनीच्या व्याकरणाचे व मीमांसकांच्या वाक्यार्थविचाराचे हे मूलभूत तत्त्व आहे. व्याकरण शिकणाऱ्याला ज्याप्रमाणे उत्सर्ग आधी पक्का करून मग अपवाद घ्यावे लागतात, त्याप्रमाणे परसैन्य शिकणाऱ्यालाही आकड्यांच्या कोष्टकांत न गुंतता प्रथम एवढेच विचारावे लागते की, सर्वांना लागू असलेला कोणता नियम या सैन्याला लागू नाही. त्या एका प्रश्नाच्या उत्तरात सैन्याचा स्वभाव सामावलेला असतो. मृत पळत नाहीत, ऑर्क ऐकत नाहीत; बाकीचा तपशील यावर आधारलेला असतो.

सैन्ये विषम असली की त्यांच्या तुल्यबळतेचे माप हवे. कौटिल्याने दहाव्या अधिकरणात असे माप दिले आहे : एका घोडेस्वाराला तीन पायदळी प्रतियोद्धे, एका रथाला अथवा हत्तीला पंधरा पुरुष किंवा पाच घोडे. र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात सिद्ध केलेल्या ‘अर्थशास्त्रा’च्या चिकित्सक आवृत्तीमुळे हा भाग अभ्यासकांना सुलभ झाला आहे. वॉरहॅमरमधील प्रत्येक मूर्तीला दिलेले गुणांक हे याच जातीचे माप. दोन्ही पक्षांनी ठरलेल्या बेरजेइतकेच सैन्य मांडावयाचे. २०१५ मध्ये या खेळाच्या चालकांनी जुना खेळ मोडून ‘एज ऑफ सिग्मार’ हा नवा खेळ आणला. त्याचे सामान्य नियम चार पानांत आटोपले होते व विशेष नियम प्रत्येक तुकडीच्या स्वतंत्र पत्रकावर गेले; गुणांक मात्र काढून टाकण्यात आले. शिकणाऱ्याच्या दृष्टीने पत्रकांची कल्पना उत्तम होती, कारण प्रतिपक्षाचे पत्रक समोर मागून वाचता येऊ लागले. परंतु मापावाचून सामना जुळवणे कठीण झाले, आणि पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, गुणांक परत आणावे लागले. कौटिल्याचे प्रमाण ज्या गरजेतून आले ती गरज काल्पनिक सैन्यांनाही टळत नाही, असाच याचा अर्थ होतो.

या पुस्तकांत गुणांबरोबर एक मोठा दोषही आहे. १९८३ ते २०१० या अवधीत मूळ खेळाच्या आठ आवृत्त्या निघाल्या. आवृत्ती बदलली की सैन्याचे नियम बदलतात आणि कष्टाने शिकलेले ज्ञान शिळे होते. नवे पुस्तक विकले जावे हा हेतू येथे शास्त्राच्या स्थैर्यावर मात करतो. शिवाय सैन्याच्या कल्पित इतिहासाची पानेच्या पाने रंगवताना लेखकांचा हात मोकळा असतो, तर नियमाच्या वाक्यात तो अडखळतो. आणि मग एकाच वाक्याच्या दोन अर्थांवरून मेजाशी वाद होतात. अल्‌बेरूनीची एक उपमा जेवढे काम करते तेवढे काम करणारी वाक्ये या जाडजूड पुस्तकांत विरळाच आढळतात. इतिहास आणि नियम जेथे एकजीव झाले आहेत, उदाहरणार्थ मृतांच्या सैन्यात, तेथेच ही पुस्तके नियमवाङ्मय म्हणून यशस्वी होतात. कारण मेलेला पुन्हा भीत नाही, हे कारण सांगितले की नियम वेगळा पाठ करावा लागत नाही.

६

या सर्व विवेचनातून नियमग्रंथाच्या परीक्षणासाठी तीन प्रश्न हाती येतात. ग्रंथ परसैन्याला त्याचे स्वतःचे कारण देतो काय? वाचकाला चाल अंगी मुरवण्याचे साधन पुरवतो काय? आणि परक्याला आपल्यासारखे करून न दाखवता, दोहोंतील अंतर जेथे आहे तेथे ते उघड करतो काय? अल्‌बेरूनी पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाला उतरतो, नीलकंठ दुसऱ्याला. १८१४ चे भाषांतर तिसऱ्या प्रश्नापाशी अडते. आणि आधुनिक युद्धक्रीडेची पुस्तके तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर भरभरून देताना पहिल्याकडे पुष्कळदा दुर्लक्ष करतात.

या कसोट्या लावताना एक उणीव तीव्रतेने जाणवते. ज्या देशी बुद्धिबळाने मराठीला प्यादेमात, बुर्जी आणि अडीच घरांची चाल हे शब्द दिले, त्याचे गावोगावचे नियम मुख्यतः तोंडी परंपरेने चालत आले. काल्पनिक ऑर्कांचे नियम शब्दशः छापलेले आहेत. पारावरच्या, देवळाच्या ओवरीतल्या पटावरचे नियम मात्र खेळणाऱ्यांबरोबर विस्मृतीत जात आहेत. शाळाशाळांतून आंतरराष्ट्रीय पद्धत रूढ झाल्यावर आजच्या विद्यार्थ्याला आजोबांचे सैन्य हेच परसैन्य झाले आहे. मोहरे तेच, नावे तीच. म्हणून तो ते आपलेच समजतो, आणि आजोबांनी राजाला घोड्याची उडी मारून शहातून आधीच दूर नेले की ती चूक मानतो.

सेलूसारख्या गावी, जेथे हत्ती आणि फील एकाच पटावर भेटत होते, हे काम प्रथम हाती घेण्याजोगे आहे. वयोवृद्ध खेळाडूंकडून राजाची उडी केव्हा चालते, प्याद्याचा फर्जी कोणत्या ओळीत होतो, बुर्जीला जीत मानावी की बरोबरी, कोणत्या मोहऱ्याला कोणत्या भाषेत काय म्हणत, हे गावनिहाय टिपून घेणे फारसे कठीण नाही. टिपणाऱ्याने मात्र एक पथ्य पाळावे लागेल. उत्तर आपल्या माहितीच्या नियमाशी जुळत नसेल तर ते दुरुस्त करू नये. तसेच लिहावे, आणि त्यापुढे सांगणाऱ्याने दिलेले कारणही लिहावे.